रोमहून एका दिवसात मॉन्ते कासिनोचा मठ पाहावा का?

रोममधील चार दिवसांपैकी एक दिवस मॉन्ते कासिनोच्या बेनेडिक्टाइन मठासाठी काढावा का, असे आपण विचारले आहे. मूळ वास्तू महायुद्धात नष्ट झाली आणि आजची इमारत नवीच आहे, ही आपली शंका आहे. माझे उत्तर 'अवश्य काढावा' असे आहे. मात्र मठ पाहून लगेच रोमची गाडी पकडू नये, अशी विनंती आहे.

इमारत नवी आहे, हे खरे. संत बेनेडिक्ट यांनी इ. स. 529च्या सुमारास, जिथे पूर्वी अपोलोचे देऊळ होते त्या डोंगरमाथ्यावर हा मठ स्थापला आणि पुढे युरोपभरच्या मठांनी स्वीकारलेली 73 प्रकरणांची नियमावली इथेच लिहिली. लोंबार्ड टोळ्यांनी तो पाडला, 883मध्ये सारासेनांनी, म्हणजे अरब मुस्लिम हल्लेखोरांनी, जाळला, 1349च्या भूकंपात तो कोसळला. 15 फेब्रुवारी 1944 रोजी दोस्त राष्ट्रांच्या दोनशेहून अधिक विमानांनी त्याचा ढिगारा केला, कारण जर्मन सैन्य त्याचा टेहळणीसाठी वापर करत असल्याचा संशय होता. प्रत्यक्षात आत होते वृद्ध मठाधिपती, मोजके धर्मबंधू आणि आसऱ्याला आलेले गावकरी, ज्यांतील कित्येकजण मारले गेले. 'जिथे होता तिथेच, जसा होता तसाच' या निर्धाराने तो पुन्हा उभारला गेला आणि 1964मध्ये पोप सहावे पॉल यांच्या हस्ते त्याचे पुनःपवित्रीकरण झाले. म्हणूनच तिथल्या भिंतींचे वय मोजत बसू नये, असे मला वाटते. पुन्हा पुन्हा त्याच जागी येऊन प्रार्थना सुरू करणारी माणसे हाच त्या मठाचा जुनेपणा आहे.

तरीही जुने काहीच उरले नाही, असे नाही. मुख्य वेदीखाली बेनेडिक्ट आणि त्यांची बहीण स्कोलास्टिका यांचे अवशेष आहेत, आणि त्याखालचे तळघरातील प्रार्थनास्थळ बॉम्बवर्षावातून बऱ्याच अंशी वाचले. वरच्या झगझगीत संगमरवरातून पायऱ्या उतरून मी तिथे गेले, तेव्हा मंद उजेडात सोनेरी आणि गडद निळ्या तुकड्यांची नक्षी हळूहळू उमटत गेली आणि मी बराच वेळ तिथून हलले नाही. ग्रंथसंग्रह 1943च्या अखेरीसच रोमला हलवला होता, म्हणून तोही बचावला. मराठीच्या आरंभाचा विषय निघाला की आपण अक्षी आणि श्रवणबेळगोळच्या शिलालेखांकडे वळतो. इटालियन माणूस याच मठाच्या 960 सालच्या एका चर्मपत्राकडे वळतो, आणि त्यातले इटालियनच्या आरंभाचे मानले जाणारे प्रसिद्ध वाक्य म्हणजे मठाच्या जमिनीच्या वादात दिलेली साक्ष आहे.

जाणे सोपे आहे. रोमच्या तेर्मिनी स्थानकावरून कासिनोला दोन तासांच्या आत गाडी पोहोचते आणि स्थानकावरून वळणावळणाच्या घाटाने बस वर जाते. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घालावेत.

आता ती विनंती. खाली गावात, स्थानकापासून सुमारे एक किलोमीटरवर राष्ट्रकुलाची युद्धस्मशानभूमी आहे. मठावर बॉम्ब टाकावेत असा आग्रह धरणाऱ्यांत चौथ्या भारतीय डिव्हिजनचे सेनापती टकर होते, कारण त्या उतारावर चढून जायचे होते ते त्यांच्याच जवानांना. त्याच वर्षी मे महिन्यात कासिनोजवळची गारी नदी ओलांडणाऱ्या आठव्या भारतीय डिव्हिजनमध्ये मराठ्यांची पलटण होती. स्मशानभूमीतील हिरव्या संगमरवरी स्तंभांवर, इटलीच्या मोहिमेत पडलेल्या पण ज्यांचे थडगे सापडत नाही अशा चार हजारांहून अधिक सैनिकांची नावे कोरली आहेत. त्यांत माणगाव परिसरातले नाईक यशवंत घाडगे आहेत, ज्यांना 10 जुलै 1944 रोजी टायबरच्या खोऱ्यात गाजवलेल्या पराक्रमासाठी मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या अक्षरांवरून मी बोट फिरवले आणि मान वर केली, तर समोर डोंगरावर मठ उभा होता. इतक्या नावांतून एक नाव शोधायला वेळ लागतो, म्हणून परतीच्या गाडीपूर्वी निदान तासभर तरी हाताशी ठेवावा.