माणसं नेमकी कुठून सुटतात, ते आधी बघ

प्रिय मित्रा,

चाकणच्या कारखान्यात एचआरमध्ये रुजू झालास आणि ‘माणसं टिकत नाहीत, काहीतरी कर’ हे पहिलंच काम गळ्यात पडलं. निष्ठेवर भाषणं ठेवू नकोस. आधी वही घे आणि वर्षभरात सोडून गेलेल्या प्रत्येकाची जागा, पाळी, सुपरवायझर, बसचा मार्ग आणि नोकरीचे दिवस लिही. सरासरी 120 माणसांतून महिन्यात 9 गेली तर गळती साडेसात टक्के. हा आकडा एकटा फसवतो. त्यातली सहा भट्टीजवळच्या त्याच दोन जागांवरची असतील, तर दुरुस्ती तिथेच करायची.

मग दिवस बघ. पहिल्याच महिन्यात गेलेल्याला भरतीच्या वेळी काम कसं असेल ते बहुधा नीट सांगितलेलं नसतं. दुसऱ्या-तिसऱ्या पगारानंतर गेलेल्यांच्या पगारस्लिपा तपास. ओव्हरटाइम दुप्पट दराने द्यावा असा कायदा आहे, तरी तास लिहिताना चुका होतात. तास पंचिंगशी जुळवून दर शनिवारी फलकावर लाव, चूक निघाली तर दोन दिवसांत फरक दे. माणूस दोनशे रुपयांसाठी सोडत नाही. त्या दोनशेंसाठी तीन टेबलं फिरायला लागली की सोडतो.

लाइनवर रिलिव्हर, म्हणजे थोडा वेळ जागा सांभाळणारा बदली माणूस, नसेल तर लघवीला जाता येत नाही, म्हणून लोक पाणीच पीत नाहीत. बायकांचे यात फार हाल होतात. रिलिव्हर मागून घे, त्यासाठी वरिष्ठांशी भांडावं लागलं तरी भांड. पाळ्या सकाळ, दुपार, रात्र याच क्रमाने फिरव. उलट्या फिरवल्या तर झोपेचं गणित जास्त बिघडतं.

पगाराने फरक पडतोच. डेट्रॉइटजवळच्या फोर्डच्या कारखान्यात 1913 साली वर्षाची गळती 370 टक्के होती, म्हणजे शंभर जागांमागे वर्षात 370 माणसं सोडून गेली. जानेवारी 1914 मध्ये दिवसाचा पगार पाच डॉलर झाला, कामाचे तास नऊवरून आठ झाले, आणि 1915 मध्ये गळती 16 टक्क्यांवर आली. पण लाइनवरचं काम तेच राहिलं, शिवाय पूर्ण पाच डॉलर मिळायला घरातल्या वागण्याचीही तपासणी होई. अशा ठिकाणी माणूस थांबला म्हणून तो निष्ठावान झाला असं धरू नकोस.

रोज कुरकुरणारा एकाएकी गप्प झाला, ओव्हरटाइम नाकारू लागला, पगारानंतर खाडे करू लागला, तर त्याच आठवड्यात बोल. त्याच्या सुपरवायझरसमोर नको. राजीनाम्याच्या वेळी बरेचजण ‘घरची अडचण’ सांगतात, कारण हिशेब अडकलेला असतो. तो चुकता झाल्यावर तीन आठवड्यांनी फोन कर आणि मिळालेलं कारण त्याच वहीत लिही. वही भरली की मला पाठव.