सॅनिटरी दुकानदारांनी कमी पाण्याचे नळ आणि फ्लश आपणहून विकावेत यासाठी त्यांची मानसिकता कशी बदलावी?

तुम्ही लिहिलंय की तुमची संस्था जळगाव जिल्ह्यातल्या सॅनिटरी दुकानदारांची बैठक घेणार आहे, आणि पाणी वाचवणारा माल त्यांनी गिऱ्हाइकाला स्वतःहून दाखवावा असं तुम्हाला वाटतं. अमळनेरला आमचं सॅनिटरीचं दुकान आहे, काउंटरवर मी असते. 'मानसिकता' हा शब्द वाचला आणि लिहायला बसले.

ज्या भागात उन्हाळ्यात नळाला आठ-आठ, दहा-दहा दिवसांनी पाणी येतं, तिथल्या दुकानदाराला पाण्याची किंमत सांगायची गरज नाही. पाणी सुटलं की हातातलं काम टाकून ड्रम भरायला आम्हीही धावतो. तरी तोच दुकानदार दहा लिटरची फ्लश टाकी विकतो. ती गोडाऊनला पडून असते, तिच्यात दोन पैसे जास्त सुटतात, आणि मिस्त्रीला ती डोळे मिटून बसवता येते. भाषणाने यातलं काहीही हलत नाही.

आमच्या घरात हा वाद जुना आहे. माझे जेठ पहिल्यापासून म्हणत आलेत, "गिऱ्हाईक मागेल ते द्यायचं. आपण दुकानदार, मास्तर नाही." दुकान त्यांनीच शून्यातून उभं केलं, त्यांच्याबद्दल मला आदर आहे, पण हे वाक्य मला तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही. गिऱ्हाईक मागतं काय? "संडासची टाकी दाखवा," एवढंच. पुढचं सगळं आपण दाखवतो. काळे मॅट नळ मागायला पारोळ्याहून कोण आलं होतं? बारा इंची शॉवर कोणी मागितला होता? आम्हीच ते डिस्प्लेला लावले, आम्हीच "आता हेच चालतं" म्हणून सांगितलं आणि ते खपले. गिऱ्हाइकाला इतकं सगळं शिकवणारा दुकानदार पाण्याचा विषय निघाला की "मी मास्तर नाही" म्हणतो, हे मला मान्य नाही.

म्हणून एका चैत्रात मी दुकानाच्या ओट्यावर दोन फ्लश टाक्या लावून घेतल्या. एक जुनी, दहा लिटरची. दुसरी दोन बटणांची: मोठं बटण सहा लिटर, छोटं तीन. दोन्हींच्या खाली पांढरे पातळ ड्रम ठेवले, पाणी बाहेरून दिसेल असे, आणि त्यांवर मार्करने लिटरच्या रेघा मारल्या. कूलरचा पंप लावून तेच पाणी परत वर चढवलं. पाण्यासाठी लावलेल्या डिस्प्लेत पाणी वाया घालवणं मला चालणार नव्हतं. जेठ म्हणाले, ओट्यावर चिखल होईल, प्लायवूड फुगेल, येणारं-जाणारं पोर बटण दाबत बसेल. पोरं बसलीच दाबत. त्यांच्या आयाही थांबून बघायला लागल्या, मला तेच हवं होतं.

शेजारी पाटीवर हिशेब लिहिला. पाच माणसांचं घर, माणशी दिवसाला एकदा मोठं बटण आणि चारदा छोटं. जुन्या टाकीला पंचवीस वेळा दहा, म्हणजे 250 लिटर. नव्या टाकीला पाच वेळा सहा आणि वीस वेळा तीन, म्हणजे 90. आठ दिवसांचा फरक 1280 लिटर. गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाकीहून जास्त! शहरात माणशी रोजचं 135 लिटर पाणी धरतात, त्यातलं 45 लिटर फ्लशचं धरलेलं असतं. हा आकडा मी पाटीवर लिहिला नाही, कारण माणशी लिटर कोणी मोजत नाही. आमच्याकडच्या बायका टाकी किती दिवस पुरली ते मोजतात.

एक आजी आल्या होत्या, मुलाच्या नव्या घरासाठी. मुलगा आत दर विचारत होता. आजींनी बाहेर दोन्ही टाक्या स्वतःच्या हाताने चालवून पाहिल्या, आत आल्या आणि मुलासमोर मला म्हणाल्या, "माय, आठ दिनमा एक डाव पानी येस, अन तू माले दहा लिटरनी टाकी दखाडस?" टाकी दोन बटणांचीच गेली. तेव्हापासून मी ठाम आहे की बाथरूमचा माल दाखवताना घरातल्या बाईला समोर बसवायचं. दर पुरुष बघतात, ड्रम बायका बघतात.

पण खरी अडचण विक्रीनंतर आली. गेलेला माल परत यायला लागला. मिस्त्री घरी जाऊन सांगायचा, "याने साफ होत नाही, चोकअप होईल, परत करा." मिस्त्री सगळं खोटं बोलत नव्हता. जुना पॉट जास्त पाण्याच्या धक्क्यावर चालेल असा घडवलेला असतो. त्यावर सहा-तीनची टाकी बसवली की घरचे दोनदा फ्लश करतात आणि वाचलेलं पाणी तिथेच जातं. पॉट आणि टाकी जोडीनेच विकायला हवी. आणि चोकअप झालं तर रात्री-बेरात्री फोन मिस्त्रीलाच येतो, कंपनीला नाही. म्हणून मी ओळखीच्या मिस्त्रींना गोडाऊनला बोलावलं, जोडी बसवून त्यांच्याकडूनच चालवून घेतली, आणि सांगितलं: जोडीने बसवलेला पॉट वर्षाच्या आत तुंबला तर तुमची मजुरी दुकान देईल. ते पैसे क्वचितच द्यावे लागलेत. आता हेच मिस्त्री चिठ्ठीवर 'दोन बटणवाली' लिहून गिऱ्हाईक पाठवतात. जेठ म्हणतात, दिवस बदलले म्हणून माल खपतो. दिवस आपोआप बदलत नाहीत. ओट्यावर ड्रम ठेवावे लागतात, मिस्त्रीची मजुरी अंगावर घ्यावी लागते.

तर तुमच्या बैठकीचं. पोस्टर वाटू नका. ते पैसे चालत्या डिस्प्लेला द्या, तालुक्याला एक जरी झाला तरी पुष्कळ. दुकानदारांइतकेच मिस्त्री बोलवा, आणि कंपनीच्या वितरकाला पुढच्या रांगेत बसवा. आमच्या स्कीमा रुपयांच्या टार्गेटवर चालतात. एक मोठा शॉवर पॅनल विकला की जेवढे पॉइंट मिळतात, तेवढ्यासाठी कितीतरी टाक्या विकाव्या लागतात. परदेशाची सहल पॅनलवर मिळणार असेल तर दुकानदार पॅनलच दाखवेल, त्यात त्याची काय चूक? कमी पाण्याच्या मालाला वेगळे पॉइंट द्या असं वितरकाला सगळ्यांसमोर विचारा.

आपल्या जिल्ह्याने हे एकदा करून दाखवलंय. रावेर-यावलच्या केळीला ठिबक शेतकऱ्याची मानसिकता बदलून गेलं नाही. कंपनीचा माणूस बांधावर आला, डीलरने बसवून दिलं, बिघडलं तर दुरुस्त केलं, आणि शासनाने अनुदान दिलं. केंद्राच्या योजनेत लहान शेतकऱ्याला 55 टक्के, इतरांना 45. बाथरूमच्या मालाला यातलं काय मिळतं?

कायद्याचंही बोलायला हवं. ऑस्ट्रेलियाने 2005 मध्ये कायदा करून नळ, शॉवर, फ्लश यांवर पाण्याचं लेबल सक्तीचं केलं. लेबल नसलेला माल तिथे विकताच येत नाही. आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोचं आयएस 17650 हे मानक 2021 पासून आहे, त्यात पाण्याच्या वापरानुसार तारे आहेत. 2022 मध्ये केंद्राने कमी पाण्याच्या नळ-फ्लशसाठी 'भारत टॅप' हा उपक्रम जाहीर केला. पण फ्रिज घेताना तारे मोजणारं गिऱ्हाईक टाकी घेताना तारे विचारत नाही, कारण ते त्याला कोणी दाखवलेलेच नाहीत. माझं स्पष्ट मत आहे की तारे सक्तीचे करा आणि किमतीच्या शेजारी छापा. नगरपालिकेच्या, शाळांच्या, दवाखान्यांच्या टेंडरमध्ये तारेवालाच माल लिहा, म्हणजे वितरक तो ठेवेल आणि आम्हालाही तो वेळेवर मिळेल.

आता काही गोष्टी ज्या आधीच सांगायला हव्या होत्या. नळाच्या तोंडाशी बसणाऱ्या कमी पाण्याच्या जाळीच्या मागे लागू नका. कॅटलॉगमधले आकडे बहुतेक तीन बार दाबाचे असतात. दहा मीटर उंचीला साधारण एक बार दाब मिळतो, म्हणजे एकमजली घराच्या गच्चीवरच्या टाकीतून 0.3 बार कसाबसा. तिथे नळाला आधीच पाणी कमी, त्यात जाळी लावली की लोक वैतागून ती काढून फेकतात. अपार्टमेंटला, प्रेशर पंप असलेल्या बंगल्याला, लॉजला जाळी जरूर विका. बोअरचं पाणी असेल तर क्षाराने ती भरते, लिंबाच्या पाण्यात भिजवून साफ करायची हे बिलावरच लिहून द्या. ज्या घरात भारतीय बैठकीचा संडास आहे आणि बादलीने पाणी टाकतात, तिथे काहीच विकू नका, ते घर दोन-तीन लिटरमध्ये भागवतंय. बादलीने अंघोळ करणाऱ्याला कमी पाण्याचा शॉवर विकणं तर उलटंच काम. आणि सहा-तीनची टाकी आतून गळत असेल तर वाचलेलं सगळं रात्रीतून जातं. टाकीत खाण्याचा रंग टाका, फ्लश न करता पंधरा मिनिटांनी पॉटमध्ये बघा. पॉटमध्ये रंग दिसला तर टाकीच्या आतला रबर बदलायचा, फार महाग नसतो.

बैठक अमळनेरला ठेवलीत तर माझे जेठही येतील आणि 'गिऱ्हाईक मागेल ते' हे वाक्य उठून म्हणतील. त्यांना पूर्ण बोलू द्या. मग सगळ्या दुकानदारांसमोर त्यांना बारा इंची शॉवरचं विचारा.