वाचकांचे प्रश्न : बोसा नोव्हा आणि केरवा

प्रश्न : आम्ही तिघे, दोन गिटार आणि एक तबला. जॅझ गिटारवादक जो पासचा ‘टुडो बेम!’ (१९७८) हा अल्बम ऐकून बोसा नोव्हा हे ब्राझीलचं संगीत बसवतोय, पण तबल्यावर केरवा धरला की सगळं भजनासारखं वाटतं. चुकतंय कुठे? आणि आवाज वाढवायला नायलॉनच्या गिटारला स्टीलच्या तारा चालतील का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : चूक वजनाची आहे. आठ मात्रांच्या केरव्यात जोर समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर. पाचव्या मात्रेला खाली, तिथे डग्गा बंद. सांबा या ब्राझीलच्या नाचाच्या तालाचं नेमकं उलट. तिथला मोठा ढोल, सुर्डो, पहिल्या ठोक्याला दबलेला आणि दुसऱ्याला खुला घुमतो. बोसाचं वजनही त्यातूनच आलं. म्हणजे तुमची खाली येते तिथेच त्यांचं वजन पडतं. दोन आवर्तनांच्या १६ मात्रा धरा. तबलजींनी १ आणि ९ ला डग्गा दाबून ‘क’, ५ आणि १३ ला खुला ‘गे’ वाजवावा. एवढ्यानेच निम्मं भजन उतरेल.

आता ताल धरणारी गिटार. अंगठा १, ५, ९, १३ वर. तीन बोटं एकदम १, ४, ७, ११, १४ वर. दोन्ही एकत्र येतात फक्त पहिल्या मात्रेला. बिघडतं ते चौथीला : बोटं अंगठ्याच्या ओढीने पाचवीवर घसरतात आणि सगळा झोका जातो. म्हणून मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ५० वर, दर चार मात्रांना एक टिक. तोंडाने मात्रा मोजत आधी नुसता अंगठा, मग त्यात १ आणि ४ ची बोटं, मग ७, मग पुढचं. चौथी पक्की झाल्याशिवाय सातवीला हात लावू नका. शेवटी ६० ते ७० ला या.

सरावाला दोनच कॉर्ड पुरेत. डी मायनर नाइन : पाचवी तार ५ वा पडदा, चौथी ३, तिसरी ५, दुसरी ५. त्यातून जी थर्टीन : अंगठ्याने छेडायचा सूर सहाव्या तारेच्या ३ ऱ्या पडद्यावर, तिसरी तार ५ वरून ४ वर. चौथी आणि दुसरी जागेवरच. वरच्या सुरांत एकच सूर अर्धा उतरतो. या संगीताचा गोडवा तिथेच आहे.

अल्बममध्ये पासच्या मागे ऑस्कार कास्त्रो-नेव्हिसची गिटार, क्लाउदियो स्लॉनचे ड्रम आणि पाउलिन्यो दा कोस्टाचं पर्कशन आहे. ताल धरायला एवढी माणसं असल्यावर पास मोकळा राहतो. तुमच्यातही ताल न धरणाऱ्या गिटारने एकेरी सुरांची ओळच वाजवावी. दोघांनी कॉर्ड धरल्या की खर्जात चिखल होतो. आणि त्या ओळीत जॅझचा लंगडा स्विंग नको, मात्रा सारख्या हव्यात.

स्टीलच्या तारा अजिबात नकोत. त्यांचा ताण नायलॉनच्या जवळपास दुप्पट. ब्रिज (तारा अडकवायची पट्टी) उचकटतो, गिटारचं पोट फुगतं. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात लाकूड आधीच आकसलेलं असतं. गिटार केसमध्येच ठेवा, सोबत भोकं पाडलेल्या डबीत ओला, पिळलेला स्पंज. आवाज कमी पडत असेल तर पिकअप (तारांचा आवाज स्पीकरकडे नेणारं उपकरण) बसवून घ्या.