वर गरम, खाली गार: लेस्टरमधल्या रेडिएटरचं काय करायचं

लेस्टरमधल्या ज्या घराचा करार करताय, तिथला बेडरूमचा रेडिएटर (आत गरम पाणी फिरून खोली तापवणारं भिंतीवरचं पात्र) वर गरम आणि खाली गार आहे, आणि एजंट म्हणतो "हवा काढली की झालं". नाही होणार. हवा वर साठते, त्यामुळे हवेचा त्रास असेल तर वरचा भाग गार लागतो. खाली, त्यातही मधोमध गार असेल तर तळाशी गाळ बसलाय: आतलं लोखंड गंजून झालेला काळा चिखल. त्यावर उपाय दोनच. रेडिएटर उतरवून बाहेर नळीने धुवायचा, किंवा सगळी सिस्टीम फ्लश करून (पाइपांसकट आतून धुऊन) पाण्यात गंजरोधक टाकायचं. हे काम घरमालकाचं. इंग्लंडमध्ये हीटिंग आणि गरम पाण्याची व्यवस्था चालू ठेवणं 1985च्या घरमालक-भाडेकरू कायद्याच्या (Landlord and Tenant Act) कलम 11नुसार सहसा त्याच्याच गळ्यात असतं. तेव्हा सही करण्याआधी ईमेलवर लिहून घ्या, फोनवरचं "बघतो" उपयोगाचं नाही.

व्हिडिओवर घर बघताना हीटिंग अर्धा तास चालू ठेवायला सांगा आणि एजंटला प्रत्येक रेडिएटरला वरून खालपर्यंत हात लावून बघायला सांगा.

वरचा भाग गार असेल तर ते काम तुमच्या हातचं. हीटिंग बंद करून रेडिएटर गार होऊ द्या. वरच्या कोपऱ्यातल्या चौकोनी खिळीला छोटी किल्ली लावून, खाली फडकं धरून, पाव ते अर्धा फेरा डावीकडे फिरवा. फुस्स आवाज थांबून पाणी ठिबकलं की लगेच बंद. मग कॉम्बी बॉयलरचा (हीटिंग आणि नळाचं गरम पाणी दोन्ही देणारा बॉयलर) दाबाचा काटा बघा: सिस्टीम गार असताना 1 ते 1.5 बार हवा, कमी असेल तर बॉयलरखालच्या फिलिंग लूपने (सिस्टीममध्ये नळाचं पाणी भरायची जोडनळी) भरा. दर आठवड्याला हवा काढावी लागत असेल तर कुठेतरी गळतंय किंवा आत गंज चढतोय. मालकाला कळवा.

एकच रेडिएटर पूर्ण गार? त्याच्या एका टोकाला व्हॉल्व्हवर आकड्यांचं डोकं असतं (खोलीची उष्णता ठरवणारं), ते 5 वर फिरवून बघा. तरी गार, तर त्या डोक्याखालची पिन अडकलेली असणार. उन्हाळाभर बंद राहिली की हे नेहमीचं. कॉलर हाताने सैल करून डोकं काढा. पिन पान्याच्या सपाट बाजूने दाबा, सोडल्यावर ती उसळून वर यायला हवी. पकडीने ओढू मात्र नका, उपसून आली तर गरम पाणी खोलीभर.

बॉयलरजवळचे रेडिएटर पटकन तापतात आणि लांबचे कोमटच राहतात, हा बॅलन्सिंगचा, म्हणजे गरम पाणी सगळ्या रेडिएटरांत सारखं वाटण्याचा प्रश्न. रेडिएटरच्या दुसऱ्या टोकाच्या टोपीखालचा लॉकशील्ड व्हॉल्व्ह (पाण्याचा प्रवाह कमी-जास्त करणारा) जवळच्यांचा थोडा आवळायचा, एका वेळी पाव फेराच, आणि मूळचे फेरे लिहून ठेवायचे. ते भाडेकरूने करण्यापेक्षा मालकाच्या प्लंबरने केलेलं बरं. बॉयलरचं कव्हर तर उघडूच नका; गॅसच्या कामाला गॅस सेफ (Gas Safe) नोंदणीचाच माणूस लागतो.