देश सावरला, मग मी का नाही?

प्रश्न : २०२१मध्ये करोनात माझा धाकटा भाऊ गेला. शेवटचं दर्शनही झालं नाही. तेव्हा जो तो म्हणायचा, ‘घरोघरी हेच चाललंय, खंबीर राहा.’ राहिले. नोकरी केली, आईवडिलांना सांभाळलं. आता कुणी त्या दिवसांचं नावही काढत नाही. मी मात्र अजून त्याचा फोन चार्ज करून ठेवते. देश सावरला, मग मीच का मागे राहिले? माझ्यातच काही कमी आहे का?
– एक वाचक

उत्तर : ताई, फोन खुशाल चार्ज करा. त्यानं कुणाचं काही बिघडत नाही.

आता ‘देश सावरला’ म्हणजे नेमकं काय सावरलं, ते पाहू. जपानमधल्या कोबे शहरात १७ जानेवारी १९९५ला पहाटे भूकंप झाला. सहा हजारांवर माणसं गेली. ढिगाऱ्याखालून जे जिवंत निघाले, त्यांतल्या बहुतेकांना घरच्यांनी नि शेजाऱ्यांनीच बाहेर काढलं. पुढे तात्पुरती घरं वाटली गेली ती मुख्यतः सोडतीनं, म्हाताऱ्यांना आणि अपंगांना अग्रक्रम देऊन. हेतू चांगलाच होता, पण वर्षानुवर्षांचे शेजारी त्यात पांगले. रस्ते झाले, बंदर उभं राहिलं, आणि इकडे त्या घरांतून एकटी माणसं मरत राहिली, कित्येकदा कुणाला पत्ताही न लागता. ती माणसं मनानं दुबळी होती, असं मी तरी म्हणणार नाही. हाक मारली तर ओ देणारं कुणी जवळ उरलं नव्हतं. २०११च्या त्सुनामीनंतर जपानमधल्याच इवानुमा शहरात काही वस्त्या एकत्रच हलवल्या; पुढच्या पाहणीत दिसलं, की सोडतीनं पांगलेल्यांच्या मानानं त्यांचे आपसातले संबंध चांगले टिकले होते.

तुमच्या वाट्याला सोडतच आली म्हणायची. गर्दी करायची नाही, भेटायला जायचं नाही, असे ते दिवस. भावासाठी चार माणसं एकत्र बसून रडलीच नाहीत. वर ‘घरोघरी हेच’! दुसऱ्याच्या घरी आग लागली म्हणून आपलं पोळणं कमी होतं, हा हिशेब मला अजून कळलेला नाही. नोकरी आणि आईवडील दोन्ही तुम्ही रेटलंत, तेव्हा कमी कशाची म्हणता?

भावाचा एखादा जुना मित्र असेल. त्याला गाठा आणि ‘तुझ्याकडची त्याची एखादी गोष्ट सांग, मला माहीत नसलेली’ एवढंच म्हणा. तोही बहुधा कुणी विचारायची वाटच बघत असेल. घरात त्याचं नाव निघतं का? पुष्कळ घरांत आईला त्रास नको म्हणून मुलगी गप्प आणि मुलीला नको म्हणून आई गप्प, असं वर्षानुवर्षं चालतं. कुणीतरी सुरुवात करावी लागते. ती तुम्ही करा. फोनमधले फोटो आईवडिलांसोबत बसून बघा.

एक मात्र तपासा. ओढ अजूनही जवळजवळ रोज, पहिल्याइतकीच तीव्र आहे का? झोप, काम, माणसांत मिसळणं यांवर तिचा परिणाम होतो का? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात सहा महिन्यांहून अधिक लांबलेल्या अशा शोकाची स्वतंत्र नोंद आहे. त्यासाठी खास समुपदेशन असतं आणि त्याचा उपयोग होतो. मानसोपचारतज्ज्ञाकडे जाल तेव्हा नुसतं ‘उदास वाटतं’ म्हणू नका. भाऊ कधी गेला, निरोप कसा राहून गेला, तेही सांगा.