पीसीओएस आहे आणि एचएस-सीआरपी ४.२ आलंय. हृदयविकार होणार का?

तुम्ही लिहिलंय की वय २७, पीसीओएस (हॉर्मोन्स बिघडल्याने पाळी अनियमित होणारा बीजांडकोशाचा विकार) आहे, पाळी नियमित यावी म्हणून पाच महिने इस्ट्रोजेनच्या गोळ्या चालू आहेत आणि एचएस-सीआरपीच्या (यकृतात बनणारं, शरीरातला दाह म्हणजे इन्फ्लमेशन दाखवणारं रक्तातलं प्रथिन) रिपोर्टवर लाल अक्षरांत 'हृदयविकाराचा धोका : जास्त' असं छापून आलंय. मी पॅथॉलॉजिस्ट आहे. ती लाल अक्षरं संगणक आपोआप टाकतो, तुमची माहिती वाचून कोणी लिहिलेली नसतात.

आधी गोळ्यांचं बघू. पोटातून घेतलेलं इस्ट्रोजेन यकृतात पोचतं आणि तिथे सीआरपी जास्त बनायला लागतं. त्यासाठी शरीरात कुठे दाह वाढलेला असावाच लागतो असं नाही. म्हणून ४.२ मधला गोळ्यांचा वाटा किती आणि पीसीओएसचा किती, हे या एका आकड्यावरून मला तरी सांगता येणार नाही. (फक्त हे तपासायला गोळ्या स्वतःहून बंद करू नका.) त्यात नुकतीच सर्दी झाली असेल, हिरड्या सुजल्या असतील, तरी आकडा चढतो. १० च्या वर गेला तर आम्ही तो हृदयासाठी वाचतच नाही, आधी संसर्ग शोधतो. निदान दोन आठवडे मध्ये सोडून, बरं वाटत असताना पुन्हा तपासा.

पीसीओएसमध्ये सीआरपी सरासरीने जास्त असतं, हे मात्र खरं. पोटावरच्या चरबीतून इंटरल्युकिन-६ हे दाहाचा संदेश देणारं प्रथिन सुटतं आणि ते यकृताला सीआरपी बनवायला लावतं. पण सडपातळ मुलींमध्येही ते वाढलेलं आढळतं, त्यामुळे सगळा दोष वजनावर टाकणाऱ्यांचं ऐकू नका. आणि सीआरपी स्वतः रक्तवाहिन्या बिघडवत नाही, जनुकीय अभ्यासांचा कल तरी तसाच आहे. म्हणून 'दाह कमी करणाऱ्या' कॅप्सूल घेऊन तो आकडा खाली आणण्यात मला काही अर्थ दिसत नाही.

२०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी पीसीओएसला हृदयविकाराच्या धोक्याचा एक घटक मानलंय. म्हणजे धोका आज आहे असं नव्हे, लक्ष लवकर ठेवायला लागायचं. लक्ष कशावर? रक्तदाब दरवर्षी. लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी), त्यात ट्रायग्लिसराइड आणि एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) नीट बघा, पीसीओएसमध्ये पहिलं वाढतं आणि दुसरं घटतं. आणि साखर, जिथे बहुतेक जणी फसतात : उपाशीपोटी ९२ आली की सगळं ठीक समजतात. ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी तपासली तर तीच १४० च्या वर निघू शकते. ही चाचणी एक ते तीन वर्षांनी करावी. तुम्ही केलेल्या तपासण्यांच्या पॅकेजच्या यादीत ती मला दिसली नाही.

वडील किंवा भावाला ५५ च्या आत, आई किंवा बहिणीला ६५ च्या आत हृदयविकार झाला असेल, तर तेही डॉक्टरांना आपणहून सांगा. पॅकेजवाले ते विचारत नाहीत.