विचारा की! : एक्स-रेची चमक पकडतात कशी?

प्रश्न : सर, मी खानापूरचा. आकाशात म्हणे कुठंतरी एकदम एक्स-रे चमकतात आणि काही मिनिटांत गायब. कधी, कुठं चमकणार हे माहीत नसताना सापडतात कसे? आणि मशीनमधलाच घोटाळा नाही हे कशावरून?
– एक वाचक

उत्तर : पहिलं म्हणजे टेरेसवरून हे जमणार नाही. एक्स-रे जमिनीपर्यंत पोचतच नाहीत, हवाच शोषून घेते (आणि बरंच आहे ते), त्यामुळं खानापूर काय नि लडाख काय, दुर्बीण सॅटेलाइटवरच पाहिजे.

पण खरी अडचण वेगळीच. नेहमीची एक्स-रे दुर्बीण एका वेळी एवढासाच तुकडा बघते, स्विफ्ट सॅटेलाइटवरची तर पौर्णिमेच्या चंद्राएवढासुद्धा नाही. 9 जानेवारी 2008 ला ती एनजीसी 2770 दीर्घिकेतला आधीच सापडलेला सुपरनोव्हा, म्हणजे फुटलेला तारा, बघत होती आणि नेमका तेव्हाच तिथं दुसरा तारा फुटला, काही मिनिटांची चमक आयती रेकॉर्ड झाली! लॉटरीच की ती.

लॉटरीवर किती दिवस बसणार? बरोबर 16 वर्षांनी, 9 जानेवारी 2024 ला, चीननं आइन्स्टाइन प्रोब नावाचं सॅटेलाइट सोडलं, युरोपची पण साथ आहे त्यात. त्याची मोठी दुर्बीण शेवंडीच्या (लॉबस्टरच्या) डोळ्यासारखी आहे, म्हणजे बारीक चौकोनी नळ्यांची जाळी, नळीच्या भिंतीवर एक्स-रे तिरके घासून परावर्तित होतात. असे 12 भाग मिळून एका वेळी 3600 चौरस अंश, म्हणजे आख्ख्या आकाशाचा साधारण अकरावा हिस्सा दिसतो. पृथ्वीभोवतीच्या तीन फेऱ्यांत रात्रीकडचं जवळपास सगळं आभाळ बघून होतं.

आता घोटाळ्याचं. प्रश्न भारी विचारलात, कारण डिटेक्टरवर भरकटलेले कण सारखे आदळत असतात आणि तेपण चमकल्यासारखेच दिसतात. पण कण आदळला की तिथल्या तिथं ठिपका उमटतो, खरे एक्स-रे मात्र त्या चौकोनी नळ्यांतून आले की अधिकच्या चिन्हासारखा आकार पडतो, मधे ठिपका आणि चार हात. ही खूण दिसली तर सॅटेलाइट स्वतःच वळतं आणि दुसऱ्या, जास्त तीक्ष्ण नजरेच्या दुर्बिणीनं तीच जागा तपासतं.

मग जमिनीवरच्या दुर्बिणींना निरोप जातो, कारण चमकलं ते जवळच्या ताऱ्याचा भडका होता की कोट्यवधी प्रकाशवर्षांवर फुटलेला तारा, हे नुसत्या एक्स-रेवरून बऱ्याचदा कळत नाही, साध्या प्रकाशात बघावं लागतं. असल्या कामाला आपली लडाखमधल्या हान्लेची 2 मीटरची दुर्बीणपण लागते, आणि ती चालवतात आपल्या बेंगळुरूजवळच्या होसकोटेहून.